चिपीच्या विमानाला पावसाळी वेळापत्रक द्या

प्रति,
मा. सचिव, नागरी विमान वाहतूक मंत्रालय, नवी दिल्ली
मा. महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, मुंबई
आणि सिंधुदुर्ग (चिपी) विमानतळावर विमानं चालवणाऱ्या व पुढे चालवू पाहणाऱ्या सर्व कंपन्यांचे व्यवस्थापक यांस

सप्रेम नमस्कार.

मी बेस्टमध्ये एकतीस वर्षं काढली. आधी कंडक्टर होतो, शेवटची बारा वर्षं स्टार्टर. स्टार्टर म्हणजे बसस्थानकाच्या चौकीत बसून गाड्या सोडणारा माणूस. गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, कुठली फेरी रद्द झाली, हे सगळं लिहून ठेवायचं आणि रांगेत उभ्या असलेल्या माणसांना तोंडावर उत्तर द्यायचं. एकाच मार्गाला पहाटे वीस मिनिटं लागतात आणि संध्याकाळी सातला पन्नास, हे मी रोज डोळ्यांनी पाहिलं. अंतर तेच, गाडी तीच, ड्रायव्हरही बऱ्याचदा तोच. म्हणून एका मार्गाला दिवसभर एकच वेळ लावून चालत नाही, गर्दीची वेळ वेगळी धरावी लागते. पन्नास मिनिटं लागणार असतील तर पन्नास लिहायची. वीस लिहिली तर शिव्या चौकीतल्या माणसाला पडतात आणि घरी जायला उशीर रांगेतल्या माणसाला होतो.

हे सगळं विमानाच्या पत्रात का सांगतोय, ते पुढे येईल.

माझं गाव परुळे पंचक्रोशीत, चिपीच्या सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, पायथ्याशी. हा सडा आम्ही लहानपणापासून पाहिला तो गुरांचा. उन्हाळ्यात तापलेला जांभ्याचा कातळ, पावसाळ्यात त्यावर साचलेलं पाणी आणि कापडासारखं पसरलेलं रानफुलांचं निळं-पिवळं. त्याच कातळावर अडीच किलोमीटरची धावपट्टी झाली आणि ९ ऑक्टोबर २०२१ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं. विमान उतरलं तेव्हा वाडीतली सगळी माणसं अंगणात उभी होती. माझी आई त्याला ‘इमान’ म्हणते. त्या दिवशी फोनवर म्हणाली, “आता तू सकाळी निघालंस तर दुपारच्या जेवणाक घराकडे.” सत्तर वर्षं तिने मुंबईला जाणारी माणसं पाहिली. पूर्वी आगबोटीने जात, पावसाळ्यात बोट बंद. मग एसटीने, रात्रभर घाटातून. मग १९९८ पासून कोकण रेल्वेने. एवढं सगळं पाहिलेल्या बाईला जेवणाआधी मुलगा घरी येणं म्हणजे काय, हे दिल्लीत बसून कळणार नाही, म्हणून लिहितो.

आता हिशेब.

मुंबई विमानतळ ते चिपी हे अंतर आकाशातून सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर आहे. पायलट मंडळी सागरी मैलात मोजतात. त्या मापाने साधारण १९०. मालवण-वेंगुर्ल्याचे जुने तांडेलही सागरी मैलाचं माप जाणतात, त्यामुळे हा आकडा आमच्याकडे परका नाही. रस्त्याने हेच अंतर पाचशे किलोमीटरच्या घरात जातं. या मार्गावर चालायचं ते पंख्यांचं एटीआर विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जातं. चौथीतला मुलगाही सांगेल, ४२ मिनिटं. मुंबईची सेवा सुरू झाली तेव्हा भाषणांतून, बातम्यांतून, गावातल्या बॅनरवरून हाच पाऊण तास लोकांच्या मनात बसला.

वेळापत्रकात मात्र हे उड्डाण एक तास पंचवीस मिनिटांचं होतं. त्यात लबाडी काही नाही. वेळापत्रकातली वेळ म्हणजे ब्लॉक टाइम, विमानाच्या चाकाखालचे ठोकळे काढल्यापासून दुसऱ्या टोकाला ते पुन्हा लावेपर्यंत. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि देशातल्या अत्यंत गजबजलेल्या विमानतळाची सगळी वाहतूक तिच्यावरून जाते. रांगेत मोठी जेट विमानं, त्यांच्यात आमचं सत्तर जागांचं पंख्यांचं विमान. धावपट्टीपर्यंत सरपटत जायचं, थांबायचं, उडाल्यावर ठरवून दिलेल्या वाटेने वळसा घेऊन दक्षिणेला लागायचं, चढताना वेग कमी, उतरताना कमी, चिपीला वाऱ्याला तोंड करून उतरायचं म्हणजे पुन्हा एक फेरा. ४२ मिनिटांची ८५ होतात ती अशी. ज्याने ८५ लिहिलं त्याला मी स्टार्टर म्हणून मान देतो. त्याने खरी वेळ लिहिली.

पण माणूस विमानतळावर राहत नाही. मी भांडुपला राहतो. घरातून निघून विमानतळ, एक तास. दोन तास आधी पोहोचायचं. मग हे ८५ मिनिटांचं उड्डाण. चिपीला सामान घेऊन बाहेर पडायला वीस-पंचवीस मिनिटं. बाहेर गाडी मिळाली तर घरी जायला अर्धा तास, आणि मालवणला, कुडाळला किंवा वेंगुर्ल्याला जायचं असेल तर आणखी जास्त. मालवण तर आमच्या समोर, कर्लीच्या खाडीपलीकडे, पण रस्ता खाडीवरून सरळ जात नाही. सगळं धरून साडेपाच ते सहा तास. सकाळी सव्वापाचच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून सुटणारी वंदे भारत कोरड्या दिवसांत दुपारच्या जेवणाआधी कणकवलीला सोडते. म्हणजे सगळं सुरळीत असलेल्या दिवशी विमान आणि रेल्वे जवळपास बरोबरीने घरी पोहोचवतात.

पुण्याचं तसं नाही. पुणे ते चिपी हवेतून २९० किलोमीटर आहे. रस्त्याने सह्याद्री उतरायचा तर फोंडा, करूळ, भुईबावडा नाहीतर आंबोली, आणि पावसात यातला कुठला घाट कधी बंद होईल त्याचा नेम नाही. पुण्याहून कुडाळला रेल्वेने यायचं म्हणजे बहुतेक दिवस आधी कोकणची गाडी धरायला पनवेल गाठायचं. त्यामुळे ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याचं विमान सुरू झालं तेव्हा हडपसर-चिंचवडच्या आमच्या माणसांना जो आनंद झाला, तो खरा होता. त्यांचा सबंध दिवस वाचला.

आम्ही चाकरमानी अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाही. आम्ही ते रजेत मोजतो. अमुक साधनाने गेलो तर किती रजा खर्ची पडते, एवढंच पाहतो. गणपतीला चार दिवसांची रजा असेल आणि जाण्यायेण्यात दोन दिवस गेले, तर गाव दोन दिवसांचं. विमानाने आमची रजा वाचावी, हीच त्याच्याकडून अपेक्षा. रजा वाचायची तर विमान ठरल्या दिवशी उडायला हवं. तेवढं झालं तर उड्डाण ८५ मिनिटांचं की ११० मिनिटांचं, यावरून आमच्यातला एकही माणूस भांडणार नाही.

आता त्या जूनच्या दिवसाबद्दल. कंपनीचं नाव मी घेणार नाही. मला कुणा एकाकडून भरपाई नको आहे, पद्धत बदलून हवी आहे.

मिरग लागून आठवडा झाला होता. रात्री दीड वाजता शेजारच्या वहिनींचा फोन आला. आई न्हाणीघराच्या पायरीवर पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं. कुडाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन लवकर करू, घरचं माणूस येऊ दे, नाहीतर गोव्याला बांबोळीला न्यायचं की इथेच करायचं ते तुम्ही ठरवा. दीड वाजता कोकणकन्या आणि तुतारी, रात्रीच्या दोन्ही गाड्या निघून गेलेल्या. पहाटेच्या वंदे भारतला प्रतीक्षा यादी, जनशताब्दीची तीच गत. सकाळी सातची मांडवी होती. जनरल डब्यात घुसलो असतो तर संध्याकाळपर्यंत कुडाळला उतरलो असतो. पण मुलाने मोबाइलवर दाखवलं, दुपारच्या विमानात जागा आहे, एक तास पंचवीस मिनिटं. मी मनात हिशेब केला. तीन वाजता आईच्या खाटेजवळ. तिकीट काढलं.

सकाळी सात वाजता वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, “भावजी, सड्यार धुका बसला हा. हातभर पुढचा दिसना नाय. इमान येतला काय?” मी म्हटलं, कंपनीचा तर काही निरोप नाही, म्हणजे येणार. मी गाड्या सोडलेला माणूस. रद्द करायची असेल तर आधी सांगतात, अशी माझी समजूत.

विमानतळावर आधी अर्धा तास उशीर सांगितला. मग एक तास. मग पाटीवर नुसतं ‘विलंब’. काउंटरवरची मुलगी चांगली होती, पण तिलाही कुणी काही सांगत नव्हतं. माझ्या शेजारी देवगडचं एक जोडपं होतं, साखरपुड्याला चाललेलं, मुलीच्या मांडीवर फुलांची परडी. अडीच वाजता उड्डाण रद्द झालं. कारण, चिपीला दृश्यमानता कमी.

पायलटने उतरायला नको म्हटलं असेल तर त्याचं बरोबरच आहे, हे मला स्वच्छ लिहायचं आहे. कातळावर ढग टेकलेला असताना सत्तर माणसं घेऊन खाली येण्याचा हट्ट कुणी धरू नये. माझं दुःख वेगळं आहे. सड्यावर धुकं आहे हे वहिनींना सात वाजता दिसत होतं. आम्हाला ते अडीच वाजता कळलं. सात वाजता कळलं असतं तर मी कसाही करून मांडवीच्या मागे ठाण्याला धावलो असतो. अडीच वाजता दिवसाच्या सगळ्या गाड्या रत्नागिरीच्याही पुढे पोहोचलेल्या होत्या. केरळकडे जाणाऱ्या दुपारच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. संध्याकाळची लक्झरी बस पकडली, रात्रभर महामार्ग, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला कुडाळला उतरलो.

घरातून निघाल्यापासून चोवीस तास झाले होते. आकाशातून ३५० किलोमीटर.

आईचं ऑपरेशन एक दिवस पुढे गेलं. ती वाचली, हे देवाचं देणं. नंतर वहिनींनी सांगितलं की आदल्या दिवशी दुपारभर ती वॉर्डच्या छताकडे पाहून विचारत होती, “इमान इला काय गो?” कुडाळच्या त्या खाटेवर विमानाचा आवाज येत नाही, पण तिला गावातल्या घरी रोज तो ऐकायची सवय झाली होती. आमच्याकडे संध्याकाळी वस्तीची एसटी आली की बायका चुलीवर भात ठेवतात. तसं तिने विमानाच्या आवाजावर दुपारचं औषध बांधून घेतलं होतं.

तिकिटाचे पैसे परत मिळाले, नियमाप्रमाणे. ते नियम मी नंतर बारकाईने वाचले. उड्डाण ऐनवेळी रद्द झालं आणि प्रवाशाला वेळेत कळवलं नाही, तर भरपाई ठरते ती ब्लॉक टाइमवर. एका तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतलं जे कमी ते. हवामानासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर भरपाई नाही. कोकणात जून ते सप्टेंबर हवामान हेच कारण असणार, म्हणजे चार महिने हा नियम आमच्यासाठी कागदावरच. ढगाबद्दल भरपाई मागावी असं मी म्हणत नाही. ढग कुणाच्या हातात नाही. पण ढग दिसत असताना सात तास गप्प राहणं हाताबाहेरचं कसं, याचं उत्तर महासंचालनालयाने द्यावं. हवामानाची सूट मागणाऱ्या कंपनीने ‘आम्हाला हे किती वाजता कळलं आणि आम्ही किती वाजता कळवलं’ या दोन वेळा लेखी द्याव्यात, एवढं एक वाक्य नियमात घाला. चौकीत आम्ही रोज हेच लिहायचो.

मुख्य मागणीकडे येतो. कोकण रेल्वे दरवर्षी पावसाळी वेळापत्रक काढते. वर्षानुवर्षं ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. त्यात गाड्यांचा वेग उतरवलेला असतो, काही गाड्यांची सुटायची वेळ बदललेली असते, वंदे भारतच्या फेऱ्यासुद्धा कमी होतात. हे शहाणपण फुकट आलेलं नाही. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ च्या जूनमध्ये करंजाडीजवळ दरडीचे दगड रुळावर आले, गाड्या घसरल्या, माणसं गेली. त्यानंतर पावसात वेग कमी झाला, गस्त वाढली, आणि प्रवाशाला आधीच सांगायची पद्धत बसली की या दिवसांत तुमची गाडी उशिरा पोहोचेल, तसं धरून चाला. गाडी दोन तास जास्त घेते म्हणून एकही चाकरमानी तक्रार करत नाही. दोन तास जास्त लागणार हे त्याला तिकीट काढतानाच माहीत असतं.

विमानाला असं पावसाळी वेळापत्रक का नसावं? विमान कंपन्यांची वर्षात दोन वेळापत्रकं असतात, उन्हाळी आणि हिवाळी. मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत उन्हाळी. म्हणजे आमचा अख्खा पावसाळा तुमच्या कागदावर उन्हाळा आहे! ही विभागणी जगभराची आहे, ठाऊक आहे. ती मोडू नका. तिच्या पोटात सिंधुदुर्गसाठी एक कोकणी पान घाला. कुठल्या महिन्यात सकाळी धुकं आणि ढग खाली असतात आणि कुठल्या वेळी उघडतं, हे आमच्याकडे गुराख्यालाही सांगता येईल, आणि तुमच्याकडे तर विमानतळ सुरू झाल्यापासूनच्या नोंदी असणार. त्या नोंदी पाहून जून ते सप्टेंबरची वेळ ठरवा. आठवड्यात सात फेऱ्या लिहून चार उडवण्यापेक्षा चारच लिहा आणि चारही उडवा. सुटायच्या आधी कितव्या तासाला अखेरचा निर्णय होईल, तो तास तिकिटावर छापा. आणि हवामान खात्याचा अंदाज आदल्या संध्याकाळी वाईट असेल, तर रात्री नऊच्या आत प्रवाशाला फोनवर कळवा. नऊ का, तर कोकणकन्या रात्री अकराच्या सुमारास सुटते आणि तुतारी मध्यरात्रीनंतर. नऊला कळलं तर भांडुपचा, ठाण्याचा, कल्याणचा माणूस निदान उभ्याने जाईल, पण सकाळी घरी पोहोचेल.

विमानतळ चालवणाऱ्यांनीही एक गोष्ट उघड करावी. चिपीला विमान उतरण्यासाठी किती दृश्यमानता लागते, ढग किती उंचीवर असावे लागतात, कुठल्या उपकरणांच्या मदतीने ती मर्यादा आणखी खाली आणता येईल आणि ती बसवायची तारीख कोणती, हे एका पानावर मराठीत लिहून टर्मिनलच्या दारात लावा. आमची माणसं खलाशी आहेत. वारा आणि ढग त्यांना समजावून सांगावे लागत नाहीत.

मोजण्याविषयी थोडं. महासंचालनालय दर महिन्याला अहवाल काढतं. कुठल्या कंपनीची विमानं वेळेवर सुटतात त्याचे टक्के त्यात असतात, पण ते मोजले जातात मोठ्या महानगरांच्या विमानतळांवर. चिपीला विमान आलं की नाही आलं, याने त्या टक्क्यांत काही फरक पडत नाही. ज्या चौकीची नोंदच वरती जात नाही, तिथल्या फेऱ्या सर्वांत आधी रद्द होतात, हे मी एकतीस वर्षांच्या नोकरीवरून सांगतो. गाडी कमी पडली की आधी लांबच्या, कमी बोलणाऱ्या मार्गावरची काढायची. सिंधुदुर्गचा तक्ता वेगळा काढा. ठरलेल्या फेऱ्या किती, उडालेल्या किती, वेळेवर किती. तीन आकडे, दर महिन्याला.

आणि हा तक्ता मागायचा आम्हाला हक्क आहे. मुंबई–सिंधुदुर्ग सेवा उडान योजनेत, म्हणजे छोट्या शहरांना विमानाने जोडायच्या केंद्राच्या योजनेत होती. त्या योजनेत निम्म्या जागा कमाल भाड्याच्या आत द्यायच्या आणि त्यातली तूट तीन वर्षं सरकारी निधीतून भरून निघायची. त्या निधीत महाराष्ट्राचा वाटा २० टक्के. कमाल भाडं ठरवलं जातं ते उड्डाणाच्या अंतराप्रमाणे. म्हणजे किलोमीटरचे पैसे मोजले गेले, फक्त वेळ कुणी मोजली नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात तीन वर्षं संपली आणि मुंबईचं ते विमान थांबलं. ज्या घरांनी त्या विमानाच्या भरवशावर आईवडिलांची औषधं, मुलांच्या परीक्षा, लग्नांचे मुहूर्त ठरवले होते, त्यांना एका बातमीने कळलं. पुढच्या वेळी निधी देताना अंतराबरोबर नियमितपणाचीही अट घाला. जितक्या फेऱ्या खरोखर आणि वेळेत झाल्या, तितक्या प्रमाणात निधी द्या.

मोपाबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. गोव्यातला मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. चिपीपासून तो हवेतून ४५ किलोमीटर, बांद्याच्या अगदी शेजारी. सावंतवाडी, दोडामार्ग, बांदा या भागातली माणसं तिकडूनच जातात, आणि त्यात वाईट काही नाही. त्यावरून ‘मग चिपी हवाच कशाला’ असं जे बोललं जातं, ते नकाशा पाहून बोललं जातं. परुळ्याहून मोपाला रस्त्याने जायचं तर दीड-दोन तास, आणि रात्री उतरलेल्या म्हाताऱ्या माणसाला हद्दीपलीकडून गाडी मिळवताना काय होतं ते विचारूच नका. मालवण, देवगड, कणकवली यांना ते आणखी दूर. पण ४५ किलोमीटरवर दुसरी धावपट्टी असणं हे आमचं भाग्यही आहे. चिपी बंद आणि मोपा उघडा असेल, तर उड्डाण मुंबईतच रद्द करायच्या आधी विचारा, मोपाला उतरता का, खाली बस उभी आहे. त्या जूनच्या दिवशी मला कुणी असं विचारलं असतं तर मी पाय धरले असते. त्यासाठी दोन विमानतळांत आणि कंपनीत आधीच करार हवा, एक बस हवी. हे काम महामंडळ आणि एसटी मिळून करू शकतात.

एसटीचं नाव निघालंच आहे तर, विमानाच्या वेळेला जोडलेली एक गाडी कुडाळकडे आणि एक मालवणकडे असावी. वेंगुर्ल्याची आपोआप मागून येईल. गाडीने विमानाची वाट पाहावी, विमान रद्द झालं तर तीच गाडी त्या दिवशी गावची फेरी करेल. डिझेल वाया जात नाही.

नव्या नकाशांची भीती वाटते म्हणून आणखी एक. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं. तिथून चिपी हवेतून ३३५ किलोमीटर, म्हणजे पंधरा किलोमीटर कमी. उद्या कुणी कागदावर दाखवेल की अंतर कमी झालं, वेळ वाचली, सगळी कोकणी विमानं तिकडे न्या. पनवेल-बेलापूरच्या माणसाचं त्यात भलं आहे. पण नालासोपारा-विरारला आमच्या तालुक्यातली निम्मी माणसं राहतात, त्यांना विमानात बसायलाच आणखी दोन तास लागतील. निर्णय घेण्याआधी विमानात बसणारी माणसं कुठल्या स्टेशनला उतरतात ते मोजा. रत्नागिरीचा विमानतळ प्रवाशांसाठी तयार होतो आहे, त्याला शुभेच्छा. फक्त रत्नागिरी–चिपी असं ११५ किलोमीटरचं विमान कुणी सुचवलं तर नको म्हणा. तेवढ्यात आमची पॅसेंजर पोहोचते.

आई आता काठी घेऊन अंगणापर्यंत येते. मी महिन्यातून एकदा जातो, पावसाळ्यात रेल्वेने. विमानाचं तिकीट काढायचा धीर मला अजून होत नाही, आणि ही गोष्ट आपल्याला कळावी असं वाटलं म्हणून हे सगळं लिहिलं. मिरग ७ जूनच्या सुमारास लागतो. त्याच्या आधी, निदान २० मेपर्यंत, सिंधुदुर्गचं पावसाळी वेळापत्रक जाहीर करावं. कुडाळ आणि कणकवली स्थानकांवर, परुळ्याच्या बाजारात, मुंबईत दादरला आणि ठाण्याला ते मराठीत लावावं. लावायला माणसं कमी पडली तर मला कळवा. निवृत्त आहे, वेळ आहे, खळ मी घरून आणीन.

आपला नम्र,
बेस्टचा एक निवृत्त स्टार्टर
मुक्काम भांडुप, गाव परुळे पंचक्रोशी, तालुका वेंगुर्ला, जिल्हा सिंधुदुर्ग